काशीची धार आणि वहिनीचा समुद्र

माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं मागच्या वर्षी आफ्रिकेची सहल केली. परत आल्यावर तिनं आम्हां निवृत्त बायकांना घरी बोलावलं, ढोकळा दिला आणि दीड तास मोबाईलवर फोटो दाखवले. आधी मोठं शहर, मग समुद्र, मग उघड्या जीपमधून दिसणारे सिंह. "एका खेपेत तिन्ही," असं ती दर चार फोटोंनंतर सांगत होती. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण सिंहाचा नाही वाटला. समुद्राच्या फोटोत तिच्या शेजारी तिची म्हातारी जाऊ उभी होती, साडी वर खोचून, घोटाभर पाण्यात. ती बघून मला आमची वहिनी आठवली आणि ढोकळ्याची बशी मी तशीच खाली ठेवली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. नगर जिल्ह्यात, हिवरे बाजारच्या अलीकडे आमचं गाव. ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होते. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे माझी वेणीफणी, डबा, दटावणी सगळं वहिनीकडे आलं. घरातला चांगला कंदील संध्याकाळी गोठ्यात असायचा, म्हणून ती धारेला बसली की मीही पोतं टाकून तिथंच बसायचे आणि भूगोल मोठ्यानं वाचायचे. कासंडीत धारा वाजायच्या आणि माझी भरती-ओहोटी पाठ व्हायची. वहिनीची शाळा दुसरीत सुटली होती, पण कान तिखट.

"वन्सं, पानी रोज म्हागं जातं म्हन्ता. मंग परत कशापायी येतं?"

मला काय ठाऊक! मी पुस्तकातलं पुढचं वाक्य वाचायचे. माझ्या वाटणीचं शेणपाणी ती उरकून टाकायची आणि "तुमी वाचा" म्हणायची. किती सुखाचे दिवस होते ते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. भूगोलाची बाई मी झाले ती त्या पोत्यावर. पहिला पगार हातात आला तेव्हा मी तिला शब्द दिला, वहिनी, तुला समुद्र दाखवीन.

त्याला अडतीस वर्षं झाली. एकदा निघायच्या आदल्या दिवशी गाय व्यायला टेकली. एकदा दुष्काळात जनावरं छावणीत आणि वहिनी जनावरांजवळ. एकदा तर एसटीत बसलो होतो, तेवढ्यात निरोप आला की वासरू पोटफुगीनं लोळतंय, आणि ही बाई स्टँडवरच उतरली. दावणीला जनावर असलं की माणूसही दावणीलाच. आता वहिनी सत्तरीची झाली, गुडघे कुरकुरतात. यंदा जमलं नाही तर हा विषय कायमचा मिटणार, हे मला कळत होतं आणि तिलाही.

मैत्रिणीच्या घरून आले ती फुलस्केप कागद घेऊन बसले. शहर, जंगल, समुद्र. तिन्ही पाहिजेत, आफ्रिकेच्या नाकावर टिच्चून! नकाशा उघडला आणि बोट कोल्हापूरवर ठेवलं. तिथून दाजीपूरच्या जंगलात गवे. जंगल संपलं की फोंडा घाट, आणि घाट उतरला की देवगडचा समुद्र. पाच दिवस. निवृत्तीनंतर मी गाडी शिकले आहे. आमच्या ह्यांनी कंबरेचं कारण सांगून अंग काढून घेतलं, ते बरंच झालं, कारण शेजारी बसून ते फार सूचना करतात.

कागद घेऊन गावी गेले. वहिनीनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"समदं ठीक हाय," ती म्हणाली, "पन काशीचं काय?"

काशी म्हणजे सध्याची एकुलती एक म्हैस. चार महिन्यांची रेडी पायाशी, दोन्ही वेळचं मिळून नऊ लिटर दूध, आणि मिजास महाराणीची. वहिनीशिवाय कुणाचा हात कासेला लागू देत नाही. वहिनी तापानं पडली की दादा काय करतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण दादासमोर कुणी बोलत नाही. पांढरी टोपी, करारी मिशी, भावकीची भांडणं सोडवणारा आमचा दादा वहिनीचं जुनं हिरवं लुगडं अंगाला गुंडाळतो, डोक्यावरून पदर घेतो आणि काशीखाली बसतो. तिला लुगड्याचा वास आला की ती पान्हा सोडते.

"जा तू," दादा कुणाकडेच न बघता वहिनीला म्हणाला. "लुगडं हाय न्हवं घरात? मी बघतो."

एवढं बोलून तो पायात चपला सरकवून बाहेर गेला. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतः जा म्हटलं होतं.

कोल्हापूर

सोमवारी सकाळची धार काढून, दूध डेअरीवर घालून वहिनी गाडीत बसली. दौंड, फलटण, सातारा करत दुपार कलताना आम्ही कोल्हापुरात पोचलो. माझ्या कागदावर अंबाबाई, राजवाडा, रंकाळा असा क्रम होता. अंबाबाईपर्यंत क्रम टिकला. दर्शन घेऊन बाहेर पडलो तर वहिनी नाहीशी! शोधत गेले तर बाई दूधकट्ट्यावर. कोल्हापुरात म्हशी भर रस्त्याच्या कडेला आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. वहिनी एका म्हशीच्या पाठीवर हात टेकून मालकाची उलटतपासणी घेत होती.

"कोनाच्या बी हाताला देती व्हय ही?"

"देत्या की," मालक म्हणाला. "आमच्या म्हशी शहरातल्या हाईत, आजी. लाजत न्हाईत."

वहिनीनं पेला रिकामा केला, दुधाची मिशी पुसली आणि मला म्हणाली, "ग्वाड हाय. पर आमच्या काशीची सर न्हाई." राजवाडा राहिला तो राहिलाच. रात्री जेवताना तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा अशा दोन वाट्या आल्या. पांढरा तिनं संशयानं हुंगला आणि मग तीनदा मागून घेतला. तांबड्याला मात्र तिनं पास केलं नाही. आपल्याकडे काळा मसाला घालून कालवण होतं त्यापुढे हे नुसतं लाल पाणी, असं तिचं मत पडलं. मी वाद घातला नाही. सत्तर वर्षांची बाई आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलच्या गादीवर झोपणार होती, तिच्या मताला मान द्यायलाच हवा. झोपण्यापूर्वी दादाला फोन लावला तर "समदं ठीक" एवढंच बोलून त्यानं ठेवून दिला.

दाजीपूर

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची जीप घेऊन जंगलात शिरलो. तांबडी माती, गर्द झाडी, आणि आमच्याकडे चैत्रात स्वप्नातही दिसणार नाही असा गारवा. तासभर काहीच दिसलं नाही. बरोबरच्या वाटाड्यानं खूर दाखवले, शेण दाखवलं. वहिनी खाली वाकून म्हणाली, "सकाळचंच हाय. चारा चांगला मिळतोय ह्यास्नी." वाटाड्या तिच्याकडे आदरानं बघायला लागला.

मग एका वळणावर जीप थांबली. समोर गवत होतं आणि गवतात अकरा गवे. काळेभोर अंग, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि खांदा असा की आमची काशी त्याच्या पोटाखालून निघून जाईल. एक मादी पिलाला पाजत होती. वहिनी बघत राहिली, बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "हिला कोन काय नेसून बसत नसंल." परतताना तिनं दोनदा विचारलं, इथं फोन लागतो का.

जंगलाबाहेर, घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथं मोबाईलला रेंज आली आणि लगेच दादाचा फोन.

"आगं, त्ये हिरवं लुगडं म्हंजी पेटीतलंच न्हवं? का दुसरं कुठलं हाय?"

"त्येच की. का वो?"

"काय न्हाई. काल सांजच्याला आन् आज सकाळच्याला नेसलो. ती बघंनाच माझ्याकडं. जाऊ दे, तू नको काळजी करू."

वहिनीचा चेहरा उतरला. फोन ठेवून ती बाकावर बसली. "वन्सं, म्या धुतलं की वो त्ये," ती म्हणाली.

घर सोडून जाताना मागं मळकं कापड ठेवू नये, अशी आमच्याकडची रीत. वहिनीनं निघायच्या आदल्या दिवशी घरातलं चिंधूकही सोडलं नव्हतं. लुगडी, चादरी, गोधड्या, सगळं धुऊन, वाळवून, घड्या करून पेटीत. आणि धुवायची पावडर आणली होती मी! नगरहून, मोगऱ्याच्या वासाची, खास तिच्यासाठी. आता दादा मोगऱ्याचा वास मारत काशीखाली बसत होता आणि काशी त्याला ओळखत नव्हती.

"चला म्हागारी," वहिनी उठली.

"वहिनी, इथून समुद्र दोन तासांवर आहे."

"दोन येळा झाल्या. रेडी पिऊन पिऊन किती पिईल? तिला हगवन लागंल. आन् दूध कासंत साचलं तर दगडी हुती, कास दगडावानी टनक हुती. मंग ती म्हस कामातनं गेली."

मला राग आला. चांगला सणकून आला. म्हशीचा नाही, दादाचा नाही, त्या पावडरचा आणि माझा. "तू आज परत गेलीस तर पुन्हा येणार नाहीस," मी म्हणाले. माझा आवाज चढला आणि टपरीवाला दुसरीकडे बघायला लागला.

"मला म्हाईत हाय," वहिनी म्हणाली. डोळे भरले होते तिचे. पण पिशवी उचलून ती गाडीकडे चालायला लागली होती.

गाडीपाशी पोचली आणि थांबली. शेजारी आंब्याच्या पेट्यांनी भरलेला एक टेम्पो उभा होता, त्याच्या नंबरावर तिची नजर. एम एच सोळा! परमुलखात हा नंबर दिसला की नगरचा माणूस थांबतो आणि विचारल्याशिवाय राहत नाही.

"कुठलं रं बाबा तुमी?"

"मिरजगावचा, मावशी," चहा पिणारा ड्रायव्हर म्हणाला. "देवगडचा माल घिऊन नगरला चाललोय, मार्केट यार्डात. उद्या सकाळच्याला खाली करायचाय."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. ती टपरीवाल्याच्या घरात गेली, दोन दिवस अंगावर असलेली साडी सोडली आणि पिशवीतली दुसरी नेसून बाहेर आली. साडीची घडी घालता घालता ती हुंगून पाहत होती. घाम, धूर, दाजीपूरची धूळ, सगळं त्यात होतं. एवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. रात्री झोपताना नेसलेली तिसरी साडीही तिनं त्यातच घातली आणि पंच्यात घट्ट गाठोडं बांधलं.

"ही धुवायची न्हाई म्हनावं," तिनं ड्रायव्हरला बजावलं, "आन् आंब्याच्या पेटीत घालू नगा. वास लागंल."

"माझ्या शीटवर ठिवतो, मावशी. माझ्या आईची बी म्हस आशीच हुती." त्यानं गाळ्याचा पत्ता सांगितला, दादाचा नंबर लिहून घेतला आणि टेम्पो घाटाबाहेर गेला.

मी दादाला फोन करून सांगितलं. वहिनीनं एकच अट घातली. उद्या सकाळी काशीनं धार दिली तर समुद्र, नाहीतर तिथूनच परत.

देवगड

घाट उतरलो आणि हवा ओलसर झाली. समुद्रापासून दोन मैल आत एका घरगुती खानावळीत उतरलो. मुद्दामच आत, कारण वहिनी समुद्राकडे बघायलाही तयार नव्हती. धार कळल्याशिवाय नाही म्हणजे नाही. खानावळीच्या काकूंनी तांदळाची भाकरी आणि सोलकढी वाढली. वहिनी भाकरी उलटून बघत म्हणाली, "भाताची भाकर, भाताबरोबर भात. ज्वारी बाजरी रुसली का काय ह्यांच्यावर?" काकू हसल्या आणि वाटीभर कुळथाची पिठी वाढून गेल्या. ती मात्र तिला पटली. रात्री खिडकीतून लांबवर गाज ऐकू येत होती. "वारं हाय," असं म्हणून तिनं पाठ फिरवली.

सकाळी नऊला दादाचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"घावली साडी," दादा म्हणाला. "जाऊन आनली पहाटं. नेसलो, बसलो, आन् सोडला तिनं पान्हा."

"लाथ?"

"एकबी न्हाई."

"किती दिलं?"

"कासंडी भरली की. आगं, तू बघ तुझा समुद्र, माझं डोकं नको खाऊ."

वहिनीनं फोन माझ्या हातात दिला आणि पिशवी उघडली. आत एकच साडी उरली होती, कुणकेश्वराच्या दर्शनासाठी ठेवलेली रेशमी, आणि ती अंगावरची एक. दोन्हींपैकी एकही खाऱ्या पाण्यात घालायला तिचं मन होईना. मग माझा निळा पंजाबी ड्रेस पुढे आला. "शोभंल का वो मला?" म्हणत, हसत, कुरकुरत तिनं तो चढवला. ओढणी डोक्यावरून घेतली. आरशात पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या दादाला फोटू दावू नगा."

सुरूच्या बनातून वाट होती. झाडं संपली आणि समोर समुद्र आला. मी भूगोल शिकवताना हजारदा फळ्यावर त्याची रेघ काढली आहे, पण मीही पाय रोवून बघत राहिले. वहिनी थांबली. चपला काढल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा एका कडेला जोडून ठेवल्या. मग वाकून पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. एक लाट आली आणि तिच्या गुडघ्यापर्यंत भिजवून गेली.

"आलं बघा परत," ती म्हणाली.

आणि मग ती सत्तर वर्षांची बाई पाण्यात धावत सुटली. खरंच धावली! साडीत तिला कधीच धावता आलं नसतं. लाट आली की ओरडायची, गेली की मागे जायची. गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. मी वाळूवर बसले आणि मनसोक्त रडले. आई गेली त्या वर्षी वहिनीनं मला पोटाशी धरून झोपवलं होतं, ते आठवलं, कारण नसताना. दोन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. ओहोटीला वाळूतले शिंपले, भरतीला पाय, दुपारी मासे, संध्याकाळी पुन्हा पाणी. रोज दोन्ही वेळा दादाचा फोन यायचा. दिली धार, भरली कासंडी.

परत

शुक्रवारी पहाटे निघालो. दिवेलागणीला नगरमध्ये शिरलो तेव्हा वहिनी म्हणाली, मार्केट यार्डात थांबा, त्या मिरजगावच्या पोराला नारळ आन् कोकम द्यायचंय. ड्रायव्हर नव्हता. गाळ्यावरच्या मुनीमजींच्या हातात आम्ही पिशवी दिली आणि नाव सांगितलं.

"हां, तुमचंच ना हे?" त्यांनी गादीखालून गाठोडं काढलं. गाठी तशाच, वहिनीनं मारलेल्या. "टेम्पो साताऱ्याजवळ बंद पडला होता, दोन दिवस. काल संध्याकाळी आला. तुमच्या मालकांना मी लगेच फोन लावला. म्हणाले, आता राहू द्या तिथंच, कुणाला काही बोलू नका."

वहिनी गाठोडं घेऊन गाडीत बसली. मी काहीतरी बोलायला गेले, पण तिनं मान हलवली. गाव येईपर्यंत ते तिच्या मांडीवर होतं. वेशीपाशी तिनं गाडी थांबवायला लावली, उतरून ते डिकीत माझ्या बॅगेखाली सारलं आणि म्हणाली, "ह्ये तुमच्याकडंच ठिवा, वन्सं."

दादा अंगणात उभा होता. पुढे आला तो पाय ओढत. उजवा गुडघा सुजून भोपळा झालेला, हातावर दोराचे वळ. गोठ्यात काशीचे मागचे पाय बांधलेले होते, आणि कासंडीच्या पत्र्याला मोठा पोचा पडला होता.

"पायाला काय झालं?" वहिनीनं विचारलं.

"ओट्यावनं घसरलो."

ती आत गेली, हळद आणि तेल गरम करून आणलं. त्याला बाजेवर बसवलं, धोतर वर सारलं आणि गुडघ्याला लेप लावायला लागली. तिच्या हाताची बोटं अजून खाऱ्या पाण्यानं कोरडी पडलेली होती.

"बरं झालं," ती म्हणाली, "साडी येळेवर पोचली."

"व्हय की."

"कसं वागली वो काशी? सांगा की समदं."

दादानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तो सांगायला लागला, काशीनं आधी पदर कसा हुंगला, मान कशी हलवली, मग शांत कशी उभी राहिली आणि पान्हा कसा सोडला. एवढं सलग बोलताना मी त्याला जन्मात ऐकलेलं नाही. वहिनी खाली मान घालून लेप लावत होती, त्याला एकदाही न अडवता, शेवटपर्यंत.